बेक्ड चिकन ब्रेस्ट आणि काजू-शेंगदाण्याचा तिखट-आंबट सॉस: पहिल्यांदा ओव्हन लावणाऱ्यांसाठी

कोंबडीची तंगडी रश्श्यात अर्धा तास जास्त उकळली तरी बिघडत नाही, उलट मऊ पडते. ब्रेस्टचं तसं नाही. या भागात चरबी जवळजवळ नसते. ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं जास्त झाली की आतलं पाणी निघून जातं आणि खाताना भुसा चावल्यासारखं वाटतं. मग दोष ओव्हनला दिला जातो, नाहीतर चिकनवाल्याला. खरं कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं: तुकडा एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होता, किंवा तो घड्याळ बघून बाहेर काढला, आतलं तापमान मोजलंच नाही.

सॉसबद्दलही एक गैरसमज आहे. कोरडं झालेलं चिकन सॉसमध्ये बुडवलं की सुधारतं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. सॉसमुळे ब्रेस्टमध्ये नसलेला स्निग्धपणा आणि चव मिळते, गेलेलं पाणी परत येत नाही. म्हणून इथे चिकन आणि सॉस वेगवेगळे करायचे आणि ताटातच एकत्र आणायचे.

ही कृती ठाणे आणि नवी मुंबईतली घरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. खालचं प्रमाण चार माणसांचं आहे. चमचा म्हणजे मापाचा ५ मिलीचा, मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये.

आधी हे जमवा

चिकनसाठी:
• बोनलेस ब्रेस्टचे ४ अख्खे तुकडे, मिळून साधारण ७०० ग्रॅम
• बारीक मीठ ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चमचा
• तेल २ मोठे चमचे
• ताजी भरडलेली मिरी अर्धा चमचा, धणेपूड अर्धा चमचा, लाल तिखट पाव चमचा

सॉससाठी:
• काजू तुकडा ६० ग्रॅम
• शेंगदाणे ३० ग्रॅम
• एक मध्यम कांदा, साधारण १०० ग्रॅम
• लसणाच्या ६-७ पाकळ्या, पेरभर आलं
• २ ब्याडगी मिरच्या, बिया काढून
• धणे १ चमचा, मिरी ८-१० दाणे
• तेल १ मोठा चमचा, लोणी १ मोठा चमचा
• चिकनचं पाणी किंवा साधं गरम पाणी ३०० मिली
• लिंबाचा रस १ मोठा चमचा
• मीठ चवीपुरतं, तेही अगदी शेवटी

साधनं: मिक्सरचं चटणीचं छोटं भांडं, लाटणं, जाड बुडाची कढई, वजनकाटा आणि टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर. थर्मामीटर ऐच्छिक समजू नका. काही शे रुपयांत मिळतो आणि या पदार्थात सर्वात जास्त उपयोग त्याचाच होतो. नवा आणला की तपासून घ्या. बर्फ घातलेल्या पाण्यात त्याने ० दाखवायला हवं आणि उकळत्या पाण्यात १००. ठाणे आणि नवी मुंबई समुद्रसपाटीलगत असल्यामुळे इथे पाणी १०० च्या आसपासच उकळतं, त्यामुळे ही घरगुती चाचणी पुरेशी विश्वासार्ह ठरते.

१. ओव्हन कुठला आहे आणि तो कुठल्या प्लगवर लावणार, हे आधी बघा

ठाण्यात घोडबंदर रोडला, नवी मुंबईत खारघरला किंवा उलव्याला भाड्याने घर घेतलं की ओट्यावर मिक्सरसाठी एक साधा ६ अँपिअरचा सॉकेट असतो. त्यावर ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, लावू नका. १५०० वॉटचा ओटीजी २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणजे सॉकेटच्या मर्यादेपेक्षा जास्त, आणि तेही सलग अर्धा-पाऊण तास. सॉकेट तापतो, प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. फ्रिज किंवा गिझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा मोठा सॉकेट शोधा. एक्स्टेन्शन बोर्ड वापरून काम भागवू नका.

ओटीजीमध्ये वरचा आणि खालचा असे दोन्ही रॉड चालू ठेवा, जाळी मधल्या खाचेत बसवा. पंखा असेल तर लावा आणि तापमान १५-२० अंशांनी कमी ठेवा. २० लिटरपेक्षा लहान ओटीजीत वरचा रॉड चिकनच्या फार जवळ येतो आणि आत कच्चं असतानाच वरून करपतं. अशा वेळी जाळी एक खाच खाली घ्या.

मायक्रोवेव्ह असेल तर तो कन्व्हेक्शनचा, म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवणारा आहे ना, हे तपासा. बटण ‘कन्व्हेक्शन’वरच ठेवा. मायक्रोवेव्ह आणि कन्व्हेक्शन एकत्र चालवणारा ‘कॉम्बो’ प्रकार पहिल्यांदा टाळा, कारण त्यात कडा चिवट होतात आणि मधला भाग मागे राहतो. सोबत आलेलं बुटकं स्टँड वापरा. धातूचा ट्रे फक्त कन्व्हेक्शनमध्ये चालतो. चुकून मायक्रोवेव्हचं बटण दाबलं गेलं तर ठिणग्या उडतात.

एअर फ्रायरमध्येही हे चिकन चांगलं होतं. १८० अंशांवर १४ ते १६ मिनिटं, मध्ये एकदा उलटायचं.

ट्रेवर घालायच्या कागदाबाबत एक सावधगिरी. दुकानात ‘बटर पेपर’ मागितला की बरेचदा सँडविच गुंडाळायचा पातळ कागद मिळतो. तो ओव्हनमध्ये चिकटतो, काळा पडतो. ‘बेकिंग पेपर’ असं स्पष्ट सांगा आणि पाकिटावर २२० अंशांपर्यंत चालतो असं लिहिलेलं आहे का ते वाचा. नसेल तर ट्रेला तेलाचा हात फिरवा, तेवढं पुरतं.

२. चिकन घेताना

गल्लीतल्या चिकनवाल्याचा हात सवयीने रश्श्याचे तुकडे करत जातो. म्हणून कोंबडी कापायला घेण्याआधीच सांगा: “बोनलेस ब्रेस्ट, अख्खे ठेवा, तुकडे करू नका.” तुकडे झाल्यावर सांगून उपयोग नाही. एकाच आकाराचे चार तुकडे मागा, प्रत्येकी १६० ते २०० ग्रॅमचे. एक १२० चा आणि एक २५० चा असेल तर दोन्ही एकाच वेळी नीट शिजणं शक्य नाही.

फार मोठे तुकडे मुद्दाम टाळा. झपाट्याने वाढवलेल्या मोठ्या ब्रॉयलरच्या ब्रेस्टवर कधीकधी पांढऱ्या रेघा दिसतात, आणि बोटाने दाबलं तर मांस लाकडासारखं टणक लागतं. असं मांस कितीही काळजीने बेक केलं तरी चिवट आणि दाणेदारच राहतं. मांस फिकट गुलाबी हवं, दाबल्यावर परत वर यायला हवं, हाताला चिकट लागता कामा नये आणि आंबूस वास अजिबात नको.

ब्रेस्टच्या खालच्या बाजूला बोटाएवढी एक सुटी पट्टी असते, तिच्यात पांढरी शीर असते. ती पट्टी ओढून वेगळी काढा. ती आधी शिजते, म्हणून बेक करताना पाच-सात मिनिटं उशिरा ठेवायची, किंवा दुसऱ्या दिवशी भुर्जीत टाकायची.

बोनलेस काढून घेतलं की त्याच कोंबडीची हाडंही मागून घ्या. मिरीचे चार दाणे आणि कांद्याचा तुकडा घालून कुकरमध्ये मंद आचेवर २० मिनिटं ठेवली की सॉससाठी उत्तम पाणी तयार होतं. बाजारातले चौकोनी क्यूब वापरणार असाल तर सॉसमध्ये वेगळं मीठ घालू नका, ते स्वतःच खूप खारट असतात.

रविवारी सकाळी, आणि आषाढ संपताना गटारीच्या आसपास, दुकानात उभं राहायला जागा नसते. तेव्हा कापणारा घाईत असतो आणि अख्खे तुकडे नीट मिळत नाहीत. आदल्या दिवशी सांगून ठेवा किंवा दुपारनंतर जा.

फ्रोझन पाकीट आणलं तर ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात १० ते १२ तास ठेवून उतरवा. ओट्यावर नको. मे महिन्यात ठाण्यातल्या स्वयंपाकघरात पारा सहज ३३-३४ ला जातो, आणि बाहेरून पाणी सुटून कोमट झालेल्या पृष्ठभागावर जंतू वाढत असताना आत अजून बर्फ असतो. घाई असेल तर बंद पिशवीसकट थंड पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्ध्या किलोला साधारण तास लागतो. पाकिटावर मीठ किंवा ‘मॅरिनेटेड’ लिहिलेलं असेल तर खाली सांगितलेलं मीठ अर्ध्यावर आणा.

धुण्याबद्दल: कच्चं चिकन धारेखाली धरलं की शिंतोडे सिंकभर, ओट्यावर आणि शेजारच्या धुतलेल्या भांड्यांवर उडतात, आणि त्यांच्याबरोबर साल्मोनेलासारखे जंतूही. नुसत्या पाण्याने ते मरत नाहीत, ते मरतात उष्णतेने. तरी धुतल्याशिवाय मन मानत नसेल, आणि आपल्याकडे अनेकांचं मानत नाही, तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने विसळा, पाणी सावकाश ओता आणि मग सिंक साबणाने घासा. त्यानंतर किचन टॉवेलने चिकन खडखडीत कोरडं करा. ओल्या पृष्ठभागावर रंग येत नाही, कारण ओव्हनची उष्णता आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते.

३. मेवा: अख्खा काजू घेण्यात पैसे घालवू नका

सॉसमध्ये काजू वाटलाच जाणार आहे, त्यामुळे तुकडा काजूच घ्या. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे आणि कोकणातून येणारा मोठा पांढरा काजू छानच असतो, पण तो खायला ठेवा. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत आणि वाशीला एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये तुकडा काजू सुटा मिळतो. घेण्याआधी एक तुकडा चावून बघा. जिभेच्या मागच्या बाजूला कडवट, जुन्या तेलासारखी चव आली तर तो खवट आहे. एक खवट मूठ अख्खा सॉस बिघडवते आणि कितीही लसूण घातली तरी ती चव झाकली जात नाही. सालीसकट भाजलेला काजू आणला असेल तर साल पूर्ण काढा, ती तुरट असते.

शेंगदाणे निवडून घ्या. सुरकुतलेले, काळपट किंवा बुरशीचा पांढरा-हिरवा अंश असलेले दाणे फेकून द्या. शेंगदाण्यावरच्या काही बुरशींमधून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते घरगुती भाजण्याने पूर्ण जात नाही.

खाडीकाठच्या या दोन्ही शहरांत पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की उघडं पाकीट थोड्याच दिवसांत मऊ पडतं. हवाबंद डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा.

दोन प्रकारचा मेवा का? काजूत पिठूळ अंश बराच असतो, तो गरम झाल्यावर सॉसला अंग देतो, पण त्याची स्वतःची चव सौम्य. भाजलेल्या शेंगदाण्याला वास असतो. नुसता काजू घेतला तर सॉस हॉटेलच्या पांढऱ्या ग्रेव्हीकडे झुकतो, आणि नुसते शेंगदाणे घेतले तर दाण्याची आमटी डोकावायला लागते. दोनास एक हे प्रमाण मला सगळ्यात योग्य वाटतं.

४. मीठ आणि जाडी

हा टप्पा वगळला तर पुढचं काहीच नीट होत नाही.

चिकनच्या वजनाच्या सव्वा टक्का मीठ, म्हणजे ७०० ग्रॅमला ९ ग्रॅम. ते सगळीकडून चोळा आणि तुकडे ताटलीत पसरून, न झाकता, फ्रिजमध्ये ठेवा. कमीत कमी एक तास, जमलं तर आदल्या रात्रीपासून. फ्रिजमध्ये दुसरं उघडं अन्न असेल तर ताटली सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. सुरुवातीला मीठ पाणी बाहेर ओढतं आणि पृष्ठभाग ओला दिसतो. मग तेच खारट पाणी हळूहळू आत शोषलं जातं आणि मांसाचे तंतू सैल पडून शिजताना पाणी धरून ठेवतात. म्हणून मीठ लावून वीस मिनिटांत ओव्हनमध्ये घालणं सगळ्यात वाईट: पाणी बाहेर आलेलं असतं, परत गेलेलं नसतं.

लिंबू किंवा दही इथे लावू नका. आंबट पदार्थात पातळ तुकडा तासन्‌तास ठेवला की बाहेरचा थर पिठूळ होतो. आंबटपणा सॉसमध्ये येणारच आहे.

आता जाडी. ब्रेस्टचं एक टोक ३ ते साडेतीन सेंटिमीटर जाड असतं, दुसरं जेमतेम एक. तुकडा जाड प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये ठेवा आणि लाटण्याने जाड भागावर मधून कडेकडे हलके ठोके द्या. सगळीकडे २ सेंटिमीटर आलं की थांबा. जोरात ठोकलं तर तंतू फाटतात आणि तुकड्याच्या चिंध्या होतात. सोसायटीत रात्री उशिरा ठोकाठोक नको असेल तर जाड बाजूने आडवा काप देऊन पुस्तकासारखा उघडा, तेही चालतं.

हे झालं की तेल, मिरी, धणेपूड आणि तिखट लावा. चिरलेली लसूण वर लावू नका, २०० अंशांवर ती चिकनच्या आधी करपून कडू होते.

परदेशी कृतींमध्ये चिकन तासभर बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला आणा असं लिहिलेलं असतं. तिकडची खोली १८-२० अंशांची असते. इथे १५-२० मिनिटं पुष्कळ झाली.

५. सॉसचं वाटण

काजू कडक गरम पाण्यात अर्धा तास भिजत घाला, त्यातच ब्याडगी मिरच्या टाका. शेंगदाणे कढईत मंद आचेवर ८-१० मिनिटं भाजा. सालावर ठिपके येऊन दाणा तडतडायला लागला की उतरवा, गार झाल्यावर साल चोळून पाखडा. आच वाढवली तर बाहेरून काळा आणि आत कच्चा राहतो. त्याच कढईत धणे आणि मिरी अर्धा मिनिट शेकून घ्या.

मग कढईत तेल घालून उभा चिरलेला कांदा, लसूण आणि आलं मंद आचेवर परता. कांदा काचेसारखा पारदर्शक व्हायला हवा, तांबूस नको. तांबूस झाला की गोडी वाढते, आणि काजू आधीच गोडसर असतो. याच कारणासाठी या सॉसमध्ये साखर, वेलची, खवा, साय यांपैकी काहीही नको. ते घातलं की हा शाही कोर्मा होतो, जो वेगळा आणि आपल्या जागी उत्तम पदार्थ आहे.

परतलेला कांदा पूर्ण गार होऊ द्या. गरम वाटण बंद भांड्यात फिरवलं की वाफेने झाकण उडतं, हात आणि चेहरा भाजू शकतो.

वाटायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी शेंगदाणे, धणे आणि मिरी कोरडंच फिरवा, बारीक पूड होईपर्यंत, पण दाण्याला तेल सुटून गोळा होण्याआधी थांबा. मग निथळलेले काजू, मिरच्या आणि कांदा घालून पुन्हा फिरवा. आता ३०० मिलीतलं पाणी दोन-दोन मोठे चमचे घालत जा. पहिल्या पाण्याने वाटण सैल होण्याऐवजी घट्ट गोळ्यासारखं होईल. घाबरू नका, मेव्यातल्या तेलात थोडंसंच पाणी मिसळलं की असंच होतं. आणखी दोन-तीन वेळा पाणी घातलं की ते एकदम मोकळं आणि फिकट होतं. एकूण १०० मिलीपर्यंत पाणी इथे लागेल. दोन बोटांत चोळून बघा. रवाळ लागलं तर आणखी एक मिनिट फिरवा, कारण पुढे शिजवून रवाळपणा जात नाही.

६. सॉस शिजवणं: इथे तेल सुटू द्यायचं नाही

रस्सा करताना मसाल्याला तेल सुटलं की झालं, हे आपल्या हातात मुरलेलं असतं. इथे अगदी उलट. तेल सुटलं म्हणजे सॉस फाटला.

कढईत लोणी वितळवा, वाटण घाला, मंद आचेवर दोन मिनिटं हलवा. उरलेलं २०० मिली पाणी गरम करून हळूहळू ओता. बुडबुडे कडेला संथ येतील एवढीच आच ठेवून ६-७ मिनिटं शिजवा आणि सतत ढवळा, काजू बुडाला पटकन लागतो. खाली लागलंच तर खरवडू नका, वरचा सॉस दुसऱ्या भांड्यात काढून घ्या.

चमचा बुडवून काढा आणि त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर दाटपणा बरोबर आहे. यापेक्षा किंचित पातळ ठेवलात तर अधिक चांगलं, कारण ताटात गार होताना तो आणखी घट्ट होतो. गॅस बंद करा. मीठ आणि लिंबू आत्ता घालू नका, चिकन बाहेर आल्यावर घालायचं आहे.

सॉस फाटला, वर तेलाचे डोळे दिसायला लागले, तर आच बंद करून दोन मोठे चमचे गरम पाणी घाला आणि जोरात घोटा. तरी जुळला नाही तर थोडा गार करून मिक्सरमध्ये दहा सेकंद फिरवा, पूर्ववत होतो.

७. बेक करणं

ओव्हन २०० अंशांवर १५ मिनिटं रिकामा तापवा. ओटीजीचा दिवा विझला म्हणजे तो तयार झाला असं नाही. आतली हवा तापली की दिवा जातो, भिंती आणि जाळी अजून गार असतात. तापमान दाखवणारी चकतीही २० अंश इकडेतिकडे असू शकते.

तुकडे ट्रेवर एकमेकांना न चिकटता ठेवा, मध्ये दोन बोटं जागा. दाटीवाटीने ठेवले तर सुटलेल्या पाण्यात ते उकडतात, भाजत नाहीत. काचेचं भांडं वापरायचं असेल तर ते बोरोसिलिकेटचं, म्हणजे ओव्हनची उष्णता सोसणाऱ्या काचेचं हवं, आणि गरम भांडं ओल्या ओट्यावर टेकवू नका, तडकतं.

२ सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला १८ ते २२ मिनिटं लागतात. पण १५ व्या मिनिटाला पहिल्यांदा मोजा. थर्मामीटरची सळई वरून खुपसू नका, आरपार जाऊन ट्रेला टेकते आणि खोटा आकडा दाखवते. बाजूने, आडवी, सगळ्यात जाड भागाच्या मध्यापर्यंत घाला. प्रत्येक तुकडा वेगळा मोजा आणि जो तयार होईल तो आधी काढा.

७१-७२ अंशांना बाहेर काढा. बाहेर आल्यावरही आतलं तापमान दोन-तीन अंश चढतं, आणि आपल्याला ७४ गाठायचे आहेत. त्या तापमानाला धोक्याचे जंतू लगेच मरतात. पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, ७४ झाले नसतील तर दोन मिनिटांसाठी परत ओव्हनमध्ये ठेवा. ६५ च्या पुढे तंतू आवळत जातात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात. ८० ला पोचलेला तुकडा खायला सुरक्षित असतो, पण कोरडा. कापून रंग बघणं किंवा रस पारदर्शक आहे का बघणं, यावर विसंबू नका. पूर्ण शिजलेलं चिकनही कधी हाडाजवळ गुलाबी दिसतं, आणि कापलं की रस वाया जातो.

रंग कमी वाटला तर शेवटची दोन मिनिटं फक्त वरचा रॉड लावा आणि समोरून हलू नका. ओटीजी कमी ताकदीचा असेल तर उलटा मार्ग बरा: तापलेल्या तव्यावर एक बाजू दोन मिनिटं भाजून घ्या आणि मग ओव्हनमध्ये १२ ते १५ मिनिटं.

मध्येच वीज गेली तर दार उघडू नका. दहा मिनिटांत आली तर तापमान मोजून पुढे चालू ठेवा. जास्त वेळ लागणार असेल तर तुकडे तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर पूर्ण करा. अर्धवट शिजलेलं चिकन ‘नंतर बघू’ म्हणून ठेवून देऊ नका.

८. कापणं, सॉस पूर्ण करणं, वाढणं

चिकन ताटलीत ५ ते ८ मिनिटं स्वस्थ राहू द्या. तोवर ट्रेमध्ये सुटलेला तपकिरी रस सॉसमध्ये ओता, एक उकळी येऊ द्या, गॅस बंद करा, मग लिंबाचा रस. आता चव घ्या आणि तेव्हाच मीठ घाला. ट्रेतला रस खारट असतो, आधी मीठ घातलेलं असेल तर सॉस हमखास खारट होतो. कच्चं चिकन ज्या ताटलीत मुरत होतं तिच्यातलं पाणी मात्र सॉसमध्ये घालू नका, ते फेकून द्या.

मांसाच्या रेषा कुठे जातात ते बघा आणि त्यांना आडवे, बोटभर जाडीचे काप करा. रेषेच्या दिशेने कापलं तर मऊ चिकनही दोऱ्यांसारखं लागतं. सॉस खाली, काप वर. वरून सॉस ओतला तर मेहनतीने आणलेला रंग झाकला जातो. आणि सॉस घालून परत बेक करण्याचा मोह टाळा, वर कातडी धरते आणि तेल सुटतं.

सोबत फरसबी मिठाच्या पाण्यात चार मिनिटं उकडून, किंवा उकडलेला बटाटा कुस्करून. लादीपाव चांगला लागतो. पण या सॉसला खरी साथ इथल्या आगरी-कोळी घरांत होते तशा तांदळाच्या मऊ भाकरीची. ती सॉस पुसून घेते आणि स्वतःची चव मध्ये आणत नाही.

पाहुणे असतील तर वाढण्याआधी सॉसमध्ये काजू आणि शेंगदाणे आहेत हे तोंडाने सांगा. वाटलेला मेवा दिसत नाही, आणि ज्याला त्याची ॲलर्जी असते त्याला चमचाभरही धोक्याचा ठरू शकतो.

आठला जेवायचं असेल तर वेळ अशी लावा: मीठ आदल्या रात्री किंवा दुपारी, सव्वासहाला काजू भिजत, साडेसहाला दाणे भाजणं आणि कांदा परतणं, सातला वाटण, सात-पाचला ओव्हन तापायला आणि बाजूच्या शेगडीवर सॉस, सात-वीसला चिकन आत.

९. दुसरा मेवा वापरायचा असेल तर

बदाम: काजूऐवजी ६० ग्रॅम, रात्रभर भिजवून सोललेले. बदामात पिठूळ अंश फार कमी, त्यामुळे सॉस शिजवून दाटत नाही. पाणी २२० मिलीच घ्या. स्पेनमधल्या कॅटलोनियात रोमेस्को नावाचा सॉस बदाम किंवा हेझलनट, लसूण आणि वाळवलेल्या सौम्य लाल मिरच्यांचा करतात. त्या वळणावर जायचं असेल तर ब्याडगी चार करा, एक भाजलेला टोमॅटो घाला आणि लिंबाऐवजी व्हिनेगर वापरा.

अक्रोड: ७० ग्रॅम. साल कडू असते. १६० अंशांवर ८ मिनिटं भाजून जाडसर फडक्यात चोळा, निघेल तेवढी साल काढा. जॉर्जिया देशात अक्रोडाच्या सॉसमध्ये कोंबडी घालून थंड खातात, त्याला सात्सिवी म्हणतात. उन्हाळ्यात हे आपल्याकडेही छान जमतं: लसूण वाढवा, धणे दीडपट करा, सॉस पूर्ण गार करा आणि फ्रिजमधून काढून वाढा.

तीळ: शेंगदाण्याऐवजी २० ग्रॅम पुरतात. जास्त झाले की कडवट लागतं.

१०. उरलं तर

चिकन आणि सॉस वेगळ्या डब्यांत, जेवण झाल्यावर लगेच फ्रिजमध्ये. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, उकाड्याच्या दिवसांत तर एका तासापेक्षाही नको. तीन दिवसांत संपवा. गरम करताना चिकन ओव्हनमध्ये परत टाकू नका, कोरडं होतं. सॉसमध्ये तीन-चार चमचे पाणी घालून तो आधी मंद आचेवर पूर्ण गरम करा, मग थंड काप त्यात सोडा, झाकण ठेवा आणि ते आतपर्यंत वाफाळते गरम होईपर्यंत थांबा. डब्यात न्यायचं असेल तर गार कापच पावात घाला आणि सॉस चटणीसारखा जाड लावा. सकाळच्या लोकलने निघून दुपारी जेवणार असाल तर डब्याच्या पिशवीत बर्फाची पिशवी ठेवा.

कापताना निघालेले चरबीचे आणि शिरांचे तुकडे कागदात गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी सोसायटीचा कचरा जाईल तेव्हा ओल्या कचऱ्यात टाका. रात्रभर डब्यात राहिले तर सकाळपर्यंत स्वयंपाकघरात वास भरतो.